मचानावरचं इंटरनेट

हिरालालनं उभ्या जन्मात एकच थाप मारली. तीही फोनवर, आणि तीही कोल्हापूरच्या व्याह्यांना. ज्याला थापा मारायची सवय असते त्याला थाप कुठवर न्यायची आणि कुठं सोडायची ते बरोबर कळतं. नवशिक्याचं तसं नसतं. नवा गडी पहिल्या दिवशी बैलजोडी धुऱ्यावर, म्हणजे बांधापाशी, वळवायची सोडून थेट विहिरीकडे नेतो, तसं हिरालालचं झालं.

आणि गंमत बघा, थाप मारली तेव्हा तो विहिरीवरच उभा होता.

आसेगावच्या शिवारात त्याचं भाजीपाल्याचं वावर. वावरातच टिनाच्या छपराचं घर. घरात मोबाइलला रेंज नाही. बोलायचं असलं की विहिरीच्या काठावर चढायचं आणि कारंजा गावाकडे तोंड करून उभं राहायचं. (मंगरुळपीरकडे तोंड केलं तर समोरच्याचं ऐकू येई, पण आपलं जात नसे. गावातल्या काही लोकांशी हिरालाल मुद्दाम मंगरुळपीरकडे तोंड करून बोले.) म्हातारा माणूस विहिरीत पडू नये म्हणून त्याची बायको आवडाबाई मागून सदरा धरून उभी राही. त्यामुळे हिरालालचं कुठलंच बोलणं आजवर खासगी राहिलेलं नव्हतं.

माणूस तसा गरीब स्वभावाचा, आणि हळू. इतका हळू की आवडाबाई म्हणायची, यायले चहा देला तं आधी त्याच्यावर साय येते, मंग हे साय पाहातेत, मंग चहा पेतेत. शाळा त्यानं बाहेरूनच पाहिली. पण भाजीची भरली टोपली डोक्यावर घेऊन तो पायवाटेनं निघाला की वरची कोथिंबिरीची काडीसुद्धा हलायची नाही. त्याचा मुलगा गोपाल कोल्हापूरकडे कारखान्यात कामाला. सून तिकडचीच. ती बाळंतपणाला माहेरी गेली, मुलगी झाली, आणि बारसं तिकडंच ठरलं.

आता बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आत्या म्हणजे गोपालची बहीण शुभांगी. पण शुभांगीच सातवा महिना लागल्यानं माहेरी आलेली, आणि डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलेलं, की एसटीचं तोंडसुद्धा पाहायचं नाही. लेकीला एकटं टाकून आजी-आजोबांनाही निघता येईना.  भाचीसाठी शिवलेली कुंची शुभांगी रोज पेटीतून काढायची, घडी मोडायची, पुन्हा घडी घालायची आणि पेटीत ठेवायची.

अशात व्याह्यांचा फोन आला. व्याही मोठ्या मनाचे आणि मोठ्या आवाजाचे. ते म्हणाले, "पाव्हणं, तुमची शुभांगी काय यीत न्हाई. मग आमच्या घरातलीच एक पोरगी गोपाळरावांना राखी बांधती, ती सांगंल नाव. चालतंय न्हवं?"

फोन स्पीकरवर होता. मागं धरलेला सदरा जरा सैल झाल्यासारखा हिरालालला वाटला. (विहिरीच्या काठावर उभ्या माणसाचा सदरा बायकोनं सैल सोडणं, ही काही चांगली खूण नव्हे.) त्यानं हळूच मान वळवून पाहिलं. आवडाबाईच्या मागं दारात शुभांगी उभी होती. तिनंही ऐकलं होतं.

आणि हिरालालच्या तोंडून निघून गेलं, "कायले? आमच्या घरी इंटरनेट हाय ना. शुभांगी इथूनच पाहीन अन् इथूनच नाव सांगन."

"व्हय?" व्याही म्हणाले. "मग झ्याकच झालं की. व्हिडिओवर घिऊ. तुमचं घरबी बगाय मिळंल समद्यांना."

एवढी मोठी थाप, पण पलीकडच्या माणसानं ती गुळासारखी गिळली. फोन बंद झाला. 

"कुठी हाय इंटरनेट?" आवडाबाईनं विचारलं.

हिरालालनं बराच विचार केला. "घ्या लागन," तो म्हणाला.

*

दुसऱ्या दिवशी तो वाशीमला गेला. दुकानदारानं त्याला सांगितलं, की तुमच्या वावरापर्यंत तार यायला तुमच्या नातीचं लग्न उजाडेल. त्यापेक्षा हा सिमवाला राऊटर घ्या. फोनमध्ये असतं तसं सिम याच्यात टाकायचं, करंट द्यायचा, की हवेतलं इंटरनेट हा ओढून घेतो आणि घरभर वाटतो. सगळ्यात स्वस्त होता तो हिरालालनं घेतला. चपटी पांढरी पेटी, तिला चार उभी शिंगं. कोणती जमीन मानवते म्हणून विचारल्यावर दुकानदार हसला आणि म्हणाला, जमीन नाही काका, उंची मानवते. जेवढा उंच ठेवाल तेवढा चांगला चालेल. बाकी पुष्कळ सांगितलं, पण हिरालालच्या ध्यानात तेवढंच राहिलं. एसटीत तो खोकं मांडीवर घेऊन, वरून दुपट्टा पांघरून बसला. शेजारच्या बाईनं विचारलं, कोंबडी अंड्यावरची हाय काय?

घरी आल्यावर आवडाबाईनं खोकं थेट देवापुढं ठेवलं. त्या घरात फवारणीचा पंप आला तेव्हा पंपाला, पिठाची चाळणी आली तेव्हा चाळणीला हळदकुंकू लागलेलं होतं. मग हे तर नातीच्या बारशाचं यंत्र. शुभांगी आत झोपली होती. आवडाबाईनं यंत्राची पूजा केली, नारळ फोडला. हिरालालनं एका शिंगाला लिंबू-मिरची बांधली. मग सिम टाकून, करंट देऊन दोघं समोर बसले.

लाल दिवा लागला.

हिरालालला वाटलं, तापत असेल. तो वाट पाहू लागला. वाट पाहण्यात त्याचा हात धरणारा आख्ख्या तालुक्यात कुणी नव्हता. दुपार कलली, दिवा लालच. एवढ्यात शेजारच्या वावरातला जगदेव आला. जगदेवच्या पुतण्याचं कधीकाळी मोबाइलचं दुकान होतं. ते बुडालं, पण त्यातलं सगळं ज्ञान जगदेवकडे आलं असं जगदेव समजे. त्यानं यंत्र उलटं केलं, सुलटं केलं, कानाला लावलं, आणि निकाल दिला, की फसवलं तुमाले हिरालालभाऊ, याच्यात आवाजच नाई.

बोलण्यानं शुभांगी उठून आली. ती बी.ए. झालेली. तिनं सिम बाहेर काढलं आणि पाहातच राहिली.

"माय, सिमले हळद लावली काय तू?"

"मंग? नवी वस्तू, तशीच लावाव काय?"

"अवो, पन सोन्यासारखं चमकते त्या बाजूनं लावली."

"तेच तं तोंड हाय ना त्याचं," आवडाबाई म्हणाली. "पाठीले कोनी कुकू लावते काय?"

 शुभांगीनं पदरानं सिम हळूहळू पुसलं, पुन्हा घातलं. दिवा लालचा पिवळा झाला. आवडाबाईचं म्हणणं, तो माझ्या हळदीनंच पिवळा झाला. पण पिवळ्यानं भागत नव्हतं. शुभांगी म्हणाली, हिरवा पाहिजे. टिनाच्या छपराखाली तो काही हिरवा होईना. चुलीमागं नाही, देवापाशी नाही, खिडकीत नाही. आसेगावच्या स्टँडवर रेंज फुल असते, तिथं जाऊन बोलू, असं जगदेवनं सुचवलं. तेव्हा आवडाबाईनं त्याच्याकडे असं काही पाहिलं, की नातीचं बारसं स्टँडवर करायचा विषय तिथंच मिटला.

बाहेर न्यावं तर करंट कुठला? बारसं दिवे लागायच्या वेळेला, घरातला करंट हमखास तेव्हाच जाई, आणि शेतातल्या लाइनीची त्या आठवड्यात उशिराची रात्रपाळी होती. मग जगदेवचं लक्ष मचानाखालच्या बॅटरीकडे गेलं.

आता हे मचान म्हणजे हिरालालच्या अंगणाला लागूनच, फुलगोबीच्या तुकड्याच्या टोकाशी, चार बल्ल्यांवर फळ्या टाकून केलेलं. रानातून रोही, म्हणजे नीलगाई, येतात, घोड्याएवढाली जनावरं, आणि उभं पीक मोडून खातात. त्यांच्यावर नजर ठेवायला ते. पण तीन वर्षांपूर्वी जगदेवनं आणि त्यानं मिळून झटका मशीन बसवलं, तेव्हापासून मचान रिकामंच. दोघांच्या वावराभोवती एकच तार. मचानाखाली बॅटरी, वर सोलरची प्लेट. मशीन दिवसरात्र टक्, टक् करत राहतं, आणि रोह्यानं तारेला नाक लावलं की असा झटका बसतो की ते आल्या वाटेनं जातं.

जगदेवनं राऊटरची वायर दातानं सोलली आणि बॅटरीला जोडली. हिरालाल पेटी घेऊन मचानावर चढला. पिवळाच. त्यानं पेटी छातीशी धरली. पिवळाच. उंची मानवते हे आठवून त्यानं ती डोक्यावर ठेवली, आणि खालून शुभांगी ओरडली, "हिरवा झाला."

एकच भानगड होती. मशीननं टक् केलं की हिरवा दिवा विझायचा. टक्, विझला. टक्, विझला. एका बॅटरीवर दोघांचा संसार होईना. जगदेव म्हणाला, बारशापुरतं झटका मशीन काढून ठेवू, तासाभराचाच तर प्रश्न.

"अन् रोही?" हिरालालनं विचारलं. त्याची गोबी त्या वर्षी अशी धरली होती की पाहणारा दृष्ट लावायला थांबावा. पांढरेशुभ्र गड्डे, सोमवारच्या बाजाराला काढायचे ठरलेले.

"रोही काय घड्याळ लावून बसले हायत?" जगदेव म्हणाला.

(रोह्यांकडे घड्याळ नसतं हे खरं. पण रोज ऐकू येणारी टकटक आज थांबली, हे कळायला घड्याळ कशाला पाहिजे?)

*

बारशाचा दिवस उजाडला. आवडाबाईनं अंगण सारवलं. तिकडं पाळणा तर इकडंही पाळणा पाहिजे, म्हणून तिनं आंब्याच्या फांदीला झोळी बांधली, आणि पाळण्यात घालायला वरवंटा न्हाऊमाखू घालून, काजळ लावून, शुभांगीनं शिवलेल्या कुंचीत गुंडाळला. शुभांगी हिरवी साडी नेसून पाटावर बसली, समोर धान्य मापायच्या उलट्या पायलीवर फोन उभा केलेला. शेजारच्या वस्तीवरच्या रामीबाई, हिरीबाई अशा चारपाच बाया आल्या. जगदेव नवी टोपी घालून, फोनमध्ये आपण नीट दिसू अशा बेतानं वावराकडे पाठ करून पुढं बसला.

राऊटर काठीला बांधून पाहिला होता, पण वाऱ्यानं काठी हलली की चित्र जागच्या जागी थिजायचं. तेव्हा हिरालालच म्हणाला, की मी धरतो. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली, टोपलीत राऊटर, राऊटरला लिंबू-मिरची. दोन्ही हात वर. तोंड कारंज्याकडे, कारण रेंज तिकडूनच येते हे त्याला विहिरीवरून माहीत होतं. आणि कारंज्याकडेच गोबीचा तुकडा होता.

"बाबा, कितीही होऊ द्या, हालू नका," शुभांगीनं खालून सांगितलं. "मान हालली की तिकडं मी गेली."

हिरालाल म्हणाला, "नाई हालत." आणि जन्मभर टोपली वाहिलेला माणूस तो, खरंच हालला नाही.

दिवेलागणीला फोन लागला. कोल्हापूरचा मांडव स्वच्छ दिसू लागला. माणसांची ही दाटी, समोर फुलांनी मढवलेला पाळणा. गोपाल आपला फोन सगळीकडे फिरवून दाखवत होता, आणि तिकडची मंडळी भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर आसेगाव पाहात होती. विहीणबाईंनी वरवंट्याचं कौतुक केलं. मग त्यांची नजर शुभांगीच्या मागं, उंच गेली.

"वर त्यो कोण हाय? डोक्यावर काय घिऊन हुबा ऱ्हायलाय?"

"आमचे हेच हायत," आवडाबाई म्हणाली. "इंटरनेट धरून उभे हायत."

विहीणबाईंनी आपल्या नवऱ्याकडे पाहिलं. "आमच्यात वायर हाय घरापतूर," त्या म्हणाल्या, "पर घरातला माणूस काय असा हुबा ऱ्हात न्हाई."

हिरालालला हे वर ऐकू आलं. एवढ्या वर्षांत बायकांमध्ये झालेली त्याची ही पहिलीच स्तुती. तो आणखी ताठ झाला. आणि त्याच घडीला गोबीच्या पलीकडच्या धुऱ्यावर, तारेशी, त्याला एक काळं नाक दिसलं.

नाकामागं रोही होता. काळानिळा, दांडगा, छोटी शिंगं असलेला. त्यानं तारेला नाक लावलं आणि थांबला. काही झालं नाही. त्यानं पुन्हा लावलं, जरा रेटून, आंघोळीचं पाणी कितपत तापलं ते पाहावं तसं. काही झालं नाही. मग त्यानं मागं वळून पाहिलं. मागं सगळं कुटुंब उभं होतं.

हिरालालनं डोळे मोठे केले. दुसरं काय करणार? ओरडावं तर तो आवाज थेट कोल्हापूरच्या मांडवात जाणार. शिवाय पोटुशी लेक दचकायची. हात हलवावे तर राऊटर हलणार. बुजगावण्याला निदान वारा आला की बाह्या तरी हलवता येतात. हिरालालला तेवढीही मुभा नव्हती. तार वाकवून एकेक जनावर आत आलं. रोह्यांनी मचानावरच्या माणसाला एकदा नीट न्याहाळलं, हा काही करत नाही अशी खात्री करून घेतली, आणि पहिल्या गड्ड्याला तोंड लावलं.

कर्रम्.

खाली पाळणा म्हणायला सुरुवात झाली होती. विहीणबाईंचा गळा गोड, आणि पाठांतर त्याहून दांडगं. त्यांचा पाळणा कुठल्या तरी पहिल्या दिवसापासून सुरू झाला. तिकडं एक कडवं झालं की इकडं गोबीची एक सरी साफ. हिरालाल मनात म्हणाला, विहीणबाई, आवरा. दुसरं कडवं झालं. दुसरी सरी गेली. कडवं संपलं की तिकडच्या बाया शेवटची ओळ पुन्हा घोळून म्हणत, तेवढ्यात रोही चघळून घेत.

हिरालालनं अगदी हळू, ओठ न हलवता, "शुक् शुक्" करून पाहिलं. दांडग्या रोह्यानं मान वर केली. दोघांची नजरानजर झाली. रोह्याच्या तोंडातून गोबीचा पाला बाहेर लोंबत होता, आणि त्याच्या डोळ्यांत कसलाही वैरभाव नव्हता. हिरालालनं उजव्या पायातली चप्पल अंगठ्यानं हळूच सरकवून खाली सोडली. ती सरीत पडली. रोह्यानं चप्पल हुंगली, गोबी हुंगली, आणि गोबी बरी म्हणून ठरवलं. डाव्या पायातली चप्पल हिरालालनं राखून ठेवली. बाजारात नेण्यासारखं आता दुसरं काही उरतं की नाही याची त्याला शंका होती.

एकदा त्याच्या मनात आलं, सरळ उडी मारावी. गोबी म्हणजे वर्षाची कमाई होती. बियाणं, खत, पाण्याच्या पाळ्या, पहाटेची थंडी, सगळं त्या गड्ड्यांत होतं. गुडघे वाकवायला त्यानं सुरुवातही केली. दिवा डोळ्यांना दिसत नव्हता, पण खालून शुभांगीचा आवाज आला, "दादा, दिसून नाई राह्यलं, चित्र थांबलं." तो आवाज त्यानं बरेच दिवस ऐकला नव्हता. लहानपणी जत्रेत हात सुटला तेव्हा ती अशी बोलली होती.

हिरालालनं गुडघे सरळ केले. गोबी काय, पुढच्या साली पुन्हा लावता येते. तो समोरच्या रोह्याला मनातल्या मनात म्हणाला, खाय बाप्पा, बारशाचं जेवन समज.

चित्र चालू झालं. पाळणा एकदाचा संपला. गोपालनं आपला फोन बाळाच्या कानाशी नेला.  शुभांगी पुढं वाकली, फोनला ओठ लावले, आणि तिनं नाव सांगितलं. "ओवी." दुसऱ्यांदा सांगताना तिनं पदर डोळ्यांना लावला, तिसऱ्यांदा तिला सांगताच येईना, पण तोवर तिकडं बाळानं झोपेत तोंड वाकडं करून जांभई दिली होती, आणि नाव पोचलं असं सगळ्यांनी धरलं. नाव सांगितल्यावर आत्याच्या पाठीत बुक्क्या घालायची रीत. शुभांगीला कोण मारणार? तिकडच्या बायांनी मग फोन धरलेल्या गोपालच्या पाठीत यथास्थित बुक्क्या घातल्या. आवडाबाईनं लेकीच्या पाठीवरून नुसता हात फिरवला, आणि तो बराच वेळ तिथंच ठेवला.

इतक्यात रोही गोबी संपवून शेजारच्या हरभऱ्यात गेले. आता हरभरा जगदेवचा.

रामीबाईनं ते पाहिलं आणि जगदेवला कोपरानं ढोसलं. जगदेवनं मागं वळून पाहिलं. मग त्याची टोपी एकीकडे, तो एकीकडे. पायलीला ठेच लागून फोन तिरपा झाला आणि सगळं वावर दाखवू लागला, आणि "माहा हरभरा" असं ओरडत, पाळण्याची झोळी बांधून उरलेला दोर फिरवत तो धावत सुटला. सगळे रोही एकदम उधळले. मावळत्या उजेडात, शेपट्या वर करून, एकामागून एक तारेवरून उड्या मारत गेले. कोल्हापूरच्या मांडवात टाळ्या पडल्या.

*

हिरालाल खाली उतरला. मान आखडून कारंज्याकडेच राहिली होती. गोबीच्या तुकड्यात नुसते बुडखे उभे. शुभांगी रडत होती आणि हसत होती, तिनं एकच चप्पल उरलेल्या त्याच्या पायांना हात लावला. आवडाबाईनं त्याच्या डोक्यावरची टोपली घेतली आणि फोन त्याच्या हातात दिला. "उतरले काय खाली? हे घ्या, व्याही बोलाले थांबले हायत." उतरल्यानं चित्र गेलं होतं, राऊटर चुंबळीसकट पायलीवर ठेवलेला, तरी आवाज तेवढा येत होता.

"पाव्हणं," व्याही गरजले, "आवो काय जनावरं हायती तुमची! आमी हिकडं म्हशी पाळतो, पर असली उंचीपुरी गाय बापजन्मात बगिटली न्हाई. निळी. दूध किती देत्यात?"

 एक थाप मारली तिचं काय झालं ते हिरालालच्या समोरच उभं होतं, म्हणजे उभं नव्हतं, खाल्लेलं होतं. त्यानं मनाशी ठरवलं, की आता खरं बोलायचं. आणि तो आपल्या सावकाश रीतीनं सगळं खरं बोलला. म्हणाला, व्याहीबुवा, त्या गाई नाहीत. ते जंगलातले रोही. माझे नाहीत, कुणाचेच नाहीत. तुमचा पाळणा चालू होता तेव्हा त्यांनी माझी सगळी गोबी खाल्ली.

 पलीकडे व्याही असे हसले की फोनमधून थुंकी उडेल असं वाटलं.

"थट्टा करतासा व्हय, पाव्हणं? आवो जंगली जनावर पीक खातंय, आन मालक वर हुबा ऱ्हाऊन डोक्यावर टोपली घिऊन बगतोय? आमाला काय येडं समजलासा? पाळणा चालू हुता तवा शुभांगीच्या मागनं दिसत हुती, किती निवांत चरत हुती. तुमच्याकडं बगत हुती, मालकाला वळकत्यात म्हणून. असू दे, दुधाचं गुपित न्हाई सांगायचं तर ऱ्हाऊ दे. पुढल्या म्हयन्यात ओवीला घिऊन आमीच यितो. नातीला पयलं दूध तुमच्याच गाईचं."

हिरालाल म्हणाला, "नाई हो, व्याहीबुवा, ऐका तं—"

तेवढ्यात जगदेव धापा टाकत मचानाखाली पोचला, त्यानं राऊटरची वायर उपटली आणि झटका मशीन बॅटरीला जोडलं. टक्, मशीन म्हणालं. टक्. व्याह्यांचा आवाज गेला तो गेलाच.

 रात्री वाचलेल्या पाल्याची भाजी झाली. सकाळी हिरालाल ओट्यावर बसला. चहावर साय आली होती, आणि तो साय पाहात होता. आवडाबाई आतून आली, आणि तिनं राखेनं घासून लखलखीत केलेली दुधाची चरवी त्याच्या पुढ्यात ठेवली.

"हे कायले?" त्यानं विचारलं.

"व्याही येऊन राह्यले ना," ती म्हणाली. "आतापासून सवय करा. आता उभं राह्याचं तं तुमाले जमलंच हाय, बसून पाहा." आणि आत जाता जाता वळून म्हणाली, "अन् तो काळा नर हाय. त्याच्या नादी लागू नका, त्याच्या मागच्या दोघी पाहा."